दादाच्या गोष्टींचा फोल्डर

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. कोल्हापूर.

दिवसभर ऑफिस, संध्याकाळी दादाचा लॅपटॉप. दादा वारला; लॅपटॉप कंपनीचा, म्हणून उद्या परत द्यायचा. त्याने आपल्या मुलीला सांगितलेल्या गोष्टींची रेकॉर्डिंग त्यातच आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. शिरोळहून वहिनींचा फोन आला, "भावजी, झालं न्हाय व्हय अजून? पोरगी वाट बघतीया की."

फाइली हलवायची कमांड दादानेच लिहिलेली, टाइप करून हुकूम द्यायच्या, लिनक्ससारख्या काळ्या खिडकीत चालणारी. ती कॉपी करते आणि मूळ फाइली पुसते. मी फक्त पेनड्राइव्हचा पत्ता घातला, विंडोजमध्ये दिसतो तसा, उलट्या तिरक्या रेघांचा. एंटरवर बोट होतं. दादा म्हणायचा, "आधी स्क्रीनवर छापून बघ, मग चालव." छापली, तर पत्त्यातल्या रेघा गायब. ती खिडकी त्या गिळते, हे मला कुठे ठाऊक? फाइली भलतीकडे गेल्या असत्या, आणि मूळ पुसल्या गेल्या असत्या.

पत्ता अवतरणचिन्हांत घातला, म्हणजे खिडकी तो आहे तसाच घेते; पुसायची ओळ काढली, पुन्हा छापली. रेघा जागेवर. मग चालवली.

फाइली आल्यात. आवाज नीट आलाय का, हे ऐकल्याशिवाय कळणार नाही. आता दादाचा आवाज ऐकायचीच भीती वाटते.

दार लोटून इयरफोन लावतो.