जळक्या वाळूतली अंगठी

हे बघा तात्या, बटण मी शून्यावर नेलं होतं, कबूल. पण त्यामुळं अंगठी हुकली हे तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली तरी पटत नाही. तुमचं असंच. एकदा मशीनवर दोष ठेवला की माणसाकडं बघायचंच नाही.

त्या वर्षी कुपवाडच्या फाउंड्रीत खंडेनवमीची पूजा झाली. मालकीणबाईंनी भट्टीला, लेथला हळदकुंकू वाहिलं, आणि घरी गेल्यावर बघतात तर बोटात अंगठी नाही. दसरा झाल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगितलं गेलं, सापडेपर्यंत कामावर येऊ नका. चोर असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. मावशी आपल्याच गल्लीतल्या. चार दिवसांनी तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आल्या आणि आत न येता पायरीवरच बसल्या. "आवं भाऊ, द्येवाची फुलं कुनाच्या पायाखाली नगं म्हून मी मागं लिंबाखाली न्हेऊन ओतली. त्यातनंच गेली आसंल. आता त्येच्यावर साच्यातल्या जळक्या वाळूच्या दोन ट्रॉल्या पसरल्यात. तुमच्याकडं ते मातीतलं लोखंड-सोनं हुडकायचं मिलट्रीतलं यंत्र हाय न्हवं?" त्यावर तुम्ही काय म्हणालात? "मिलट्रीतलं न्हाई, म्या केलंय." बाई रडायच्या बेतात, आणि तुम्हाला ते सांगावंसं वाटलं.

केलं होतं मात्र झकास. दोन मोडक्या ट्रान्झिस्टरचे भाग, तांब्याच्या तारेचं ताटाएवढं वेटोळं, काठी, आणि कानाला हेडफोन. ते चालू केलं की सारखं गुणगुणायचं. खाली लोखंड आलं की आवाज जाड व्हायचा, सोनं-तांबं आलं की बारीक होऊन वर चढायचा. गुणगुण किती ठेवायची ते बटणावर. साध्या रानात कशीही ठेवली तरी चालते. पण फाउंड्रीच्या मागं माती कुठली, सगळा लोखंडाचा चुरा, ओतताना उडालेले थेंब, खिळे. पावलापावलाला आवाज बुडणार आणि पावलापावलाला बटण केसभर फिरवून तो जागेवर आणायचा. कंटाळून गुणगुण पार बंद केली, तर लोखंड येवो की सोनं, मशीन एकाच सुरात ओरडतं, आणि बारीक काही असलं तर ओरडतच नाही. हे सगळं तुम्ही मला दहादा सांगितलं होतंत. लष्कराच्या सिग्नलमधल्या नोकरीनं तुमचे कान बारीक आवाजाला मेले होते, म्हणून कान माझे.

तर रविवारची सकाळ आहे. लिंबापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत तुम्ही सुतळी लावून चौदा पट्टे आखलेत. मावशी पालथ्या घमेल्यावर बसून आहेत आणि दर दोन मिनिटांनी विचारतायत, "काय म्हनतंय गं?" मी म्हणते, "लोखंड म्हणतंय." "लई बोलकं हाय की लोखंड." तेवढ्यात वॉचमन येतो, ऑफिसातला फोन बंद पडलाय, जरा बघा म्हणतो आणि तुम्हाला घेऊन जातो. ऊन चढलंय. डोक्यात ती गुणगुण भुंग्यासारखी फिरतेय. दीड वाजता कॉलेजच्या मागं चार जण माझी नवी गोष्ट ऐकायला जमणार आहेत. मी बटण शून्यावर नेते. किती बरं वाटतं, काय सांगू.

तुम्ही परत आलात. "झालं?" "झालं. सगळं लोखंडच हाय." तुम्ही बटणाकडं बघितलंत आणि मावशींच्या देखत मला झापलंत. "लोखंडाचा तरास नगं म्हून त्येला गप केलंस व्हय? मंग सोन्यानं काय चिठ्ठी लिवायची तुला?" मी मान खाली घातली. मावशी उठल्या, लुगडं झटकलं. "आसूं द्या भाऊ. पोरगीला बोलू नगा." आणि गेल्या. पुढचे आठ दिवस त्यांचं दार अर्धं लोटलेलं. नळावर यायच्या त्या बाकीच्या बायका गेल्यावर.

पुढच्या रविवारी तुम्ही एकटेच गेलात. गुणगुण तुमच्या कानाला झेपेल एवढी खाली ठेवलीत, म्हैस घोरते तशी, म्हणजे ती वर चढली तरी तुम्हाला ऐकू यावी. अंगठी तेराव्या पट्ट्यात निघाली, वीतभर खाली, कुजलेल्या झेंडूत. "तुझ्या पायाखालनं गेली बघ," म्हणालात, आणि मग मशीन उघडून बटणाला सोल्डरचा डाग देऊन अडवलंत, पुन्हा कुणाला ते शून्यावर नेता येऊ नये म्हणून. दुकानात येईल त्याला सांगायचात, "माझ्याच मशीनची खोड हुती, पोरीची न्हाई." मावशी कामावर गेल्या. त्या दिवशी माझ्यासाठी शेंगांची पोळी घेऊन आल्या, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "दमली हुतीस तवा." मी पोळी खाल्ली.

या प्रसंगाची मी तीनदा गोष्ट केलीय तात्या. एकदा मशीनच्या तोंडून, एकदा शेवटाकडून उलटी, एकदा नुसते संवाद. एक छापूनही आली. तिन्हींत ती पोरगी चौदाच्या चौदा पट्टे चालते आणि बटणामुळं फसते. वाचणाऱ्यांना तिची दया येते.

मी बारा चालले होते. शेवटचे दोन राहिलेत हे मला दिसत होतं. सुतळी समोर होती. बटण शून्यावर नेलं, चार पावलं टाकली, आणि हेडफोन काढून मावशींशेजारी जाऊन बसले. त्यांनी बघितलं.

हे पत्र फाडणार आहे मी, कुणाला दाखवायचं नाही. सांगलीच्या स्टँडवर बसून लिहिलंय, आणि साताऱ्याची गाडी लागलीय. तुम्ही आता चष्मा कपाळावर सारून काहीतरी विचाराल. नका विचारू. मी चालले.