सामान्य ग्राहक, नग एक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ११.
डोळ्यांवर लावायचा हेडसेट आला! भाची सृष्टी दुबईहून घेऊन आली. किंमत इथे लिहीत नाही, कारण पत्नी प्रेमला कधीमधी हे टेबल आवरते.

२३ तारखेला सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ कट्ट्याचा वादविवाद आहे. विषय : ‘मिक्स्ड रिॲलिटीचे महागडे हेडसेट सामान्य माणसाच्या घरात येतील का?’ विषय मीच सुचवला. ‘येतील’ या बाजूने मी, विरुद्ध बाजूने दत्तोबा. आमची सोसायटी दत्तोबांच्या वडिलांच्या शेतावर उभी आहे, आणि हे ते दर बैठकीत सांगतात.

हडपसरच्या गिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीमध्ये काढली. मी पुराव्याशिवाय बोलत नाही. संकल्प : वीस दिवसांत एका सामान्य ग्राहकाला घरच्या घरी पटवून दाखवायचं. ग्राहक : सौ. प्रेमला. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी बसून ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. फोन वापरते तो बोलायला. यापेक्षा सामान्य ग्राहक शोधूनही सापडणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार.
पहिला डेमो. प्रेमलाने हेडसेट चाळीस सेकंद लावला. तक्रारी : जड आहे. पट्टा अंबाड्यावर येतो. काढला तर टिकली आत चिकटलेली. (मुद्दा : भारतीय स्त्रीसाठी वेगळा पट्टा हवा. कंपनीला कळवणे.)

याचं करायचं काय, असं विचारलं तिने. मी म्हणालो, घरात हवा तिथे भिंतीएवढा पडदा लावता येतो. ती म्हणाली, आपल्याकडे जागा कुठाय? मी समजावलं की याला जागा लागतच नाही. त्यावर म्हणाली, मग मागची खोली माझ्या मशीनला का नाही मिळाली, तेरा वर्षं मागतेय.

विषयांतर. मागची खोली माझी स्टडी आहे, हे तिला माहीत आहे.

७ नोव्हेंबर.
मान दुखते. मान भाषणात घ्यायची नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
मोठं यश. जेवण झाल्यावर मी हेडसेट लावून समुद्राची डॉक्युमेंटरी बघत होतो. प्रेमला समोर येऊन बसली आणि म्हणाली, जरा बोलायचंय. मी म्हणालो, बोल की. जुन्या यंत्रात माणूस डोळे झाकून बसायचा. यात समोरचं सगळं दिसतं. प्रेमला स्वच्छ दिसत होती आणि तिच्या डोक्यावरून देवमासा चालला होता. अप्रतिम पिक्चर क्वालिटी.

तिचं अर्धा तास चाललं होतं. खडकी, कांताबाई (म्हणजे तिची थोरली बहीण), पुढच्या खोलीत दुकान, असं काहीसं. आवाज समुद्राचा ठेवला होता, पण योग्य ठिकाणी मान हलवत होतो. शेवटी तिने विचारलं, तुमची काही हरकत नाही ना? नेमका तेव्हा पुढचा भाग सुरू करायचा होता, म्हणून मी हात वर करून अंगठा आणि बोट जुळवलं. निवड करायची खूण तीच आहे. योगायोगाने ‘झकास’ म्हणायचीही तीच.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग ‘बरं’ म्हणून उठली.

मुद्दा क्र. ४ : हेडसेट लावूनही घरातला संवाद तुटत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
यंत्रात दोष. सारखं सांगतं, ‘खोली बदलली आहे, पुन्हा स्कॅन करा.’ बातम्यांचा पडदा मी प्रेमलाच्या शिलाई मशीनच्या वर लावून ठेवला होता, तो आज नुसता हवेत लटकतोय. हेडसेट काढून पाहिलं तर खाली मशीनच नाही. विचारलं. म्हणाली, दुकानात नेलं. कुठल्या दुकानात? म्हणाली, त्या दिवशी सांगितलं ना तुम्हाला. मी लगेच हो हो म्हणालो. लग्नसराई आहे, काम वाढलं असणार. हॉल मोकळा झाला हे बरंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
पुन्हा ‘खोली बदलली आहे.’ या वेळी कपड्यांचं कपाट. कस्टमर केअरला कडक मेल लिहिला की मी घरातली एक काडी हलवलेली नसताना तुमचं यंत्र दिवसाआड स्कॅन मागतं. तासाभरात उत्तर आलं : आपल्या घरातून काही वस्तू गेल्या आहेत का, कृपया पाहावे.

ही काय उत्तर द्यायची पद्धत झाली?

खाली दत्तोबांच्या पुतण्याचा टेम्पो उभा होता आणि दत्तोबा स्वतः दोर आवळत होते. त्यांनी विचारलं, टेम्पो निघालाय अन् तुम्ही वर काय करताय? म्हणालो, तेविसाची तयारी. दत्तोबा गप्प बसले. त्यांना गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं. प्रतिस्पर्धी खचला आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
प्रेमला शनिवारपासून खडकीलाच आहे. ऑर्डरी असतील. जाताना माझा डबा दुसऱ्या मजल्यावरच्या अक्षताकडे लावून गेली. नियोजन चोख. भाजी बरी असते, आमटी गोड नसते.

ऋतुजाचा बंगळुरूहून फोन आला. बाबा, तुम्ही ठीक आहात ना? उत्तम, म्हणालो, आणि भाषण पूर्ण म्हणून दाखवलं. चौथ्या मुद्द्याला ती रडायला लागली. सर्दी असावी. तिकडे हवा खराब आहे.

२१ नोव्हेंबर.
घरात फार शांत आहे. सरावाला उत्तम. सराव केला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.४५.
जिंकलो.

हॉलमध्ये सव्वीस माणसं. सुरुवात झोकात केली. मोबाईलही एकेकाळी श्रीमंतांचाच होता वगैरे. मग हुकमाचा पत्ता काढला. म्हणालो, मंडळी, मी माझ्याच घरात एका सामान्य ग्राहकावर वीस दिवस चाचणी घेतली. माझ्या पत्नीची आज एकही तक्रार नाही.

टाळ्या येतील म्हणून थांबलो. आल्या नाहीत. अक्षता खाली बघत होती.

दत्तोबा उठले. हातात तीन पानांचं भाषण होतं, ते घडी करून खिशात घातलं. म्हणाले, मला काय बोलायचं नाय, शरच्चंद्ररावांनाच विजयी जाहीर करा. सव्वीस विरुद्ध शून्य. नारळ मिळाला. नंतर जिन्यात माझा हात धरून ते म्हणाले, वहिनींचा नंबर हाय ना, एकदा फोन करा.

विजय सांगायला केला. तिने उचलला नाही. कामात असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
सकाळी ऋतुजाला फोन केला, निकाल सांगायला. तिने तो ऐकून घेतला आणि मग आईचं सांगितलं.

प्रेमला कायमची खडकीला गेली आहे. कांताबाईंच्या घराला पुढची खोली आहे, तिथे दुकान, मागे राहायचं. हे सगळं तिने नऊ तारखेला मला सांगितलं होतं, परवानगीच मागितली होती. आदल्या दिवशी ऋतुजाला म्हणाली होती, त्यांनी एकदा नुसतं ‘नको जाऊ’ म्हटलं तरी मी जाणार नाही.

मी ऋतुजाला समजावलं की ती खूण पुढच्या भागाची होती. तांत्रिक बाब आहे. ऋतुजा म्हणाली, बाबा, आईला समोरून फक्त तुमचा हातच दिसला ना.

फोन ठेवला आणि बाल्कनीच्या दाराशी जमिनीवर बसलो. खूप रडलो. हे कुठल्या मुद्द्याखाली लिहायचं ते कळत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३.
स्वारगेटहून मेट्रोने खडकीला जाऊन आलो. जाताना तीन मुद्दे ठरवले होते : खुणेचा खुलासा, मागची खोली (कालच रिकामी केली), आणि घरी चल.

दुकान चांगलं आहे. भरपूर उजेड आहे, दारात दोन बायका नंबर लावून बसलेल्या. प्रेमला म्हणाली, या, बसा. स्टूल दिलं, चहा दिला. मी तिन्ही मुद्दे मांडले. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, अहो, असू द्या आता. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते.

मग तीच बोलायला लागली. पिकोचं दुसरं मशीन घेणार आहे. पाणी सकाळी सहाला येतं. कांताबाईचा गुडघा आता बरा आहे. डिसेंबरच्या तारखा भरल्यात, पंधरा तारखेच्या नवरीचे पाच ब्लाउज आहेत. सकाळी दार उघडलं की ऊन थेट मशीनवर येतं, दिवा लावावा लागत नाही. अर्धा तास बोलत होती. मध्ये हसलीसुद्धा.

मी एक शब्द चुकवला नाही. माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं.