ह्यांचा विश्वास कमी नव्हता

मी, मंजूषा रवींद्र उजागरे, राहणार बाग सेवनिया, भोपाळ, धर्माने ख्रिस्ती, तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, डोकं पूर्ण ताळ्यावर असताना, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहिते. दडपण बऱ्याच जणांनी आणून पाहिलं.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव मुलगी रेवती हिला द्यावी.

२. माझे दिवंगत पती रवींद्र कारखान्यात फोरमन होते. त्यांची ड्रिल, पाने, पकडी जावई केदार यांना. केदारराव, गंज चढलेला ह्यांना खपत नसे. तेल देत जा.

३. शिलाई मशीन नणंद सिंधूवन्सं यांना. त्यांचं माझं का बिनसलं, तेही लिहून ठेवते. ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा घरात अखंड प्रार्थना चालली होती. तरी हे गेले. दफनाहून परतताना वन्सं म्हणाल्या, "दादाचा विश्वास कमी पडला." सख्ख्या भावाबद्दल! पुढे मला कॅन्सर झाला. साकेत नगरच्या हॉस्पिटलात उपचार झाले, प्रार्थनाही झाल्या, आणि मी बरी झाले. तेव्हापासून वन्सांचा धोशा, "वहिनी, चर्चमध्ये उभ्या राहून साक्ष द्या. तुमच्या विश्वासाने चमत्कार झालाय!"

वा रे वा! मी विश्वासाने वाचले असं म्हटलं, की हे अविश्वासाने मेले हे आपोआप ठरतं. ते मी जिवंतपणी ठरू दिलं नाही, मेल्यावरही देणार नाही.

४. मी चमत्कार मानते. 'निसर्गनियमाचा भंग' ही व्याख्या जन्मभर वर्गात शिकवली आणि घरी येऊन चरफडले. आपल्या मराठी शुभवर्तमानात शब्द येतो 'चिन्ह'. चिन्ह देवाकडे बोट दाखवतं. ते कुणाच्या भक्तीचं मार्कशीट नव्हे. देव देतो ते कृपेने देतो, आणि कृपेत पास-नापास कुठलं आलंय?

५. सबब, माझ्या दफनविधीत माझ्या आजाराची साक्ष कोणीही देऊ नये. वन्सं उठल्याच, तर रेवती, तू ताबडतोब गीत सुरू कर. सूर गेला खड्ड्यात.

६. मला ह्यांच्या शेजारी पुरावं. दोघांच्याही दगडांवर एकच ओळ कोरावी: 'विश्वास ठेवून गेले.' पाळकांनी कुरकुर केली तर हा कागद दाखवावा.

७. मला बरं केलं, ह्यांना का नाही, हे मला ठाऊक नाही. वन्सांनाही नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी मी ते देवालाच तोंडावर विचारणार आहे. तेव्हा हे माझ्या शेजारी उभे असतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

वरील मजकूर स्वहस्ते लिहून, पुन्हा वाचून, खालील दोघांसमोर सही केली.

(सही) मंजूषा रवींद्र उजागरे

साक्षीदार:
(सही) आशय दामले, शिवाजी नगर
(सही) मीना रणभिसे, बाग सेवनिया

भोपाळ, ८ फेब्रुवारी २०२४