एक ओळ, एक श्वास

नांदेड, ४ जानेवारी २०२५

ती. स्व. रेणुकादासमामांना,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बांधलेली भूप रागातली नवी बंदिश फोनवर मिळाली, पण तिचे फार हाल झालेत. पडद्याची रुंदी संपली की फोन ओळ तोडतो आणि सम भलत्याच सुराखाली जाऊन बसते. माझ्या क्लासच्या मुलींनी काल ती अशी काही म्हटली, की तुम्ही पेटी बंद करून उठला असता.

एक ओळ म्हणजे एक श्वास, ओळ संपेल तिथेच गाणाऱ्याने श्वास घ्यायचा, हे तुम्ही मला लहानपणी घटवून घेतलंत. तुम्ही मला दिलेल्या जुन्या निळ्या वहीत प्रत्येक बंदिशीची ओळ पूर्ण सोळा मात्रांची आहे. फोनवर मात्र आठ-आठलाच तुटली होती. मी कॉम्प्युटरवर दोन-दोन ओळी जोडून पुन्हा सोळाची केली. अंतरा तेवढा हाताने लिहून टपालाने पाठवा. मामीला नमस्कार.

तुमच्या मायेची,
वैष्णवी

लातूर, ९ जानेवारी

चि. सौ. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

जोडलीस ते बरं केलंस. त्या फोनला तालाचं कळत नाही आणि मला फोनचं. अंतरा सोबत आहे.

इकडे सगळं ठीक. थंडीमुळे गंजगोलाईच्या बाजारापर्यंतचा फेरा बंद केलाय. मी हल्ली तीन उशा घेतो म्हणून तुझी मामी कुरकुर करते. तिला फोन करू नकोस, उगाच पाल्हाळ लावेल. मुलींची सम चुकली तर रागव, पण प्रेमाने.

जिव्हाळा आहे तसाच ठेव,
रेणुकादासमामा

नांदेड, १४ जानेवारी

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहितेय. कागद आला. त्यावर पडदा नाही, उजवीकडे चार बोटं जागा कोरी आहे, तरी तुमची पहिली ओळ आठ मात्रांवर संपते. दुसरी सहावर. तिसरी चारवर. चौथी तुम्ही लिहिलेलीच नाही. निळी वही शेजारी ठेवून तीनदा मोजलं.

फोनची चूक समजून मी ज्या ओळी जोडत बसले, तो तुमचा दम होता ना?

तुम्ही नको म्हटलंत तरी मामीला विचारलंच. ती रडायलाच लागली. म्हणाली की चार पायऱ्या चढले की लई दम लागून राहिलाय, बसूनच झोपतात, अन् वैष्णवीला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातलीय. मामा, मला फार भीती वाटतेय. हे पत्र वाचून होताच मामीला घेऊन दवाखान्यात जा. मी जोडलेल्या सगळ्या ओळी पुन्हा सोडवून ठेवल्यात.

रागावलात तरी चालेल, पण जा.
वैष्णवी

लातूर, २१ जानेवारी

चि. सौ. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

मोजायला मीच शिकवलं, तेव्हा सापडणारच होतो.

रोज सकाळी ती बंदिश म्हणायचो आणि दम संपेल तिथे ओळ सोडायचो. दिवाळीपर्यंत सोळाच्या बारा झाल्या, मग आठ. सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगत राहिलो, पण कागदावर खोटी ओळ लिहायला हात धजला नाही. डॉक्टरांकडे गेलो नाही, कारण ते काय म्हणतील याची धास्ती होती.

तुझं पत्र आल्यावर मामीबरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. बरं होईल असंही म्हणाले. तू शनिवारीच ये. मामी एकटी घाबरेल, आणि खरं सांगायचं तर मीही.

चौथी ओळ ऑपरेशन झाल्यावर पाठवीन. दोनच मात्रांची आली, तरी कशाला जोडू नकोस. आणि आलीच नाही, तर तेवढी जागा कोरी ठेव. मुली तिथे श्वास घेतील.

माया असू दे,
तुझा मामा