खिळ्यावरची बंदूक

कोयुकुकचा काठ, अलास्का
१४ जानेवारी १९८८

प्रिय टायटस, आणि रानात कोणती बंदूक न्यावी हे शिकायला दर शनिवारी त्याच्या दुकानात बसणारे तुम्ही सगळे,

इथं सगळे खुशाल. सुकवलेले मासे वसंतापर्यंत पुरतील. एल्मरच्या डाव्या हाताला दोनच बोटं उरलीत, पण तो चहा स्वतः ओततो.

तुमची आणि आमची फसवणूक एकच आहे. भारी बंदूक घेतली की माणूस वाचतो, असं विकणारा आपल्याला सांगतो. हा विकणारा माझा धाकटा भाऊ आहे.

टायटस, विमानवाल्यानं परवा सांगितलं की तू वर्गात एल्मरची गोष्ट सांगतोस. "दाजींना उत्तम बंदूक दिली, त्यांना ती सांभाळता आली नाही," म्हणतोस आणि लोक हसतात. आपल्या म्हाताऱ्या आईला एकोणीस हिवाळे मूस हरणाचं मांस कोणी खाऊ घातलं? तू शहरात होतास.

शरदात तू आलास. बाबांची बंदूक हातात घेऊन विचारलंस, "ताई, ही बंदूक आहे की खाटेचा पाय?" ती नेऊन दुकानाच्या भिंतीवर शोभेला टांगलीस आणि ही दुर्बीणवाली दिलीस. हिची काडतुसं गावच्या दुकानात मिळत नाहीत. जाड हातमोज्यातलं बोट हिच्या चापापर्यंत पोचत नाही. रानासाठी बंदूक निवडताना तू यातलं काय पाहिलंस?

नोव्हेंबरात हिवाळ्याच्या झोपेला न गेलेलं भुकेलं अस्वल माशांच्या कोठारापाशी आलं. एल्मरनं हातमोजा काढून दहा पावलांवरून चाप ओढला. टक् असा आवाज आला, बार झाला नाही. कुत्री तुटून पडली म्हणून तो जगला. दवाखान्याच्या विमानात मला म्हणाला, "दुर्बिणीतून अस्वल दिसलंच नाही गं. नुसते नाकातले केस दिसले."

आपल्याकडं हिवाळ्यात बंदूक घरात आणत नाहीत. ती बाहेर छपराखाली खिळ्यावर राहते, कोरडी, तेलाचा थेंब न लावता. घरात आणली की लोखंडाला घाम फुटतो, बाहेर नेली की तोच घाम आत गोठतो, तेल घट्ट होतं आणि बार अडतो. सहा वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं.

मलाही होतं.

अस्वल आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी वाऱ्यानं बर्फ उडत होतं. भावानं दिलेली एवढी किमती वस्तू, आणि तुझ्या पुस्तिकेत लिहिलेलं, रोज पुसा, तेल द्या. बाबांची असती तर मी हात लावला नसता. ही आत आणली, चुलीपाशी बसून पुसली, तेल लावलं, पहाटे परत टांगली. एल्मरला बोलले नाही.

दवाखान्यात तू विचारलंस, "आत कोणी आणली?" माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "मीच." मी त्याच्या उशाशी उभी होते. गावाच्या हक्कांसाठी मी चर्चमध्ये तास तास बोलते, साहेबांना गप्प करते. त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्याला नऊ आठवडे झाले. त्यानं अजून मला विचारलेलं नाही.

टायटस, तुझ्यावरचा राग खरा आहे आणि तो राहील. पण ज्या चुकीवर तू लोकांना हसवून बंदुका विकतोस ती चूक एल्मरची नाही.

या शनिवारी त्याच लोकांसमोर हे पत्र मोठ्यानं वाच, पहिल्या ओळीपासून माझ्या सहीपर्यंत.

बंदूक आत आणणारी,
तुझी थोरली बहीण
लविना