भांगेची गोष्ट आणि हसनाबादचे सासरे

बदनापूर, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५९

तीर्थरूप कारभारीमामांच्या पायांवर भाचा रायभान डोके ठेवतो.

तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? मामींचा खोकला थांबला असेलच. (नसेल तर अडुळशाचा काढा द्यावा.) इकडे सर्व खुशाल, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. खरे सांगायचे तर तुमची सूनबाई आठ दिवसांपासून माहेरी हसनाबादला आहे, आणि मी शाळा सुटल्यावर चूल फुंकतो आहे. डोळे लाल झालेत ते धुराने, हे तुम्हाला तरी पटेल. गावाला पटत नाही.

झाले असे की, मी पुण्याच्या एका मासिकासाठी गोष्ट लिहिली. म्हटले, काहीतरी नवे करू. भांग प्यालेल्या माणसानेच आपली हकिकत सांगावी, त्याला दिसते तसे जग दिसावे. तो कोरड्या रस्त्यावर धोतर वर खोचून नदी ओलांडतो, आणि पलीकडे उभ्या असलेल्या म्हशीला सासरे समजून तिच्या पाया पडतो, घरची खुशाली विचारतो. मी स्वतः चहात आलेसुद्धा घालत नाही, हे तुम्ही जाणताच. संपादकांनी गोष्ट साभार परत पाठवली, इथवर कोणाचे काही बिघडले नव्हते.

पण आमचा टपालवाला बिरू. गावात वाचता येणारे आम्ही दोघेच, त्यामुळे आलेला प्रत्येक कागद पारावर बसून मोठ्याने वाचायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. (लोकांना त्याच्या वाचण्यावाचून पत्र आल्यासारखे वाटतच नाही.) मी शाळेत. त्याने पाकीट फोडले आणि वाचले, "मी आज सकाळीच दोन लोटे भांगेचा घोटा घेतला." पारावर आजवर जे जे वाचले गेले ती सगळी खरी पत्रेच. तेव्हा हेही पत्रच, आणि शेवटी नाव रायभान मास्तरचे! ऐकणाऱ्यांत सासरे पुंजाराम होते. लेकीला भेटायला आले होते बिचारे. म्हशीपर्यंत त्यांनी सोसले. मग उठले, बैल जुंपले आणि घरात येऊन लेकीला म्हणाले, "झुंबर, सामान बांद, जल्दी. ह्या भंगड्याच्या घरी एक घडी ऱ्हायचं न्हाई."

मी दुसऱ्याच दिवशी हसनाबाद गाठले. ओसरीवर चार भावकीतली माणसे बसलेली. मी हात जोडून समजावले, की त्या गोष्टीतला मी म्हणजे मी नव्हे. सासऱ्यांनी सगळ्यांकडे पाहिले नि म्हणाले, "बघा. आत्ताबी बराबर पिऊनच आलाय." मी आल्या पावली परत फिरलो. मामा, हसू नका. घर खायला उठते. ती समोर नसली की शाळेतून परत यावेसेच वाटत नाही. पाडव्याच्या आत ती आली नाही तर सासरे कायमचेच ठेवून घेणार, असा निरोप आहे.

मामींना साष्टांग नमस्कार.

आपला,
रायभान

ता. क. : एकदा हसनाबादला जाऊन या, ही विनंती. गेल्या शिवरात्रीला नदी तुम्ही ओलांडली, म्हैसही तुमचीच, मी फक्त बाजूला बसून टिपून घेतले, एवढे खरे सांगा. सासरे तुम्हाला चांगले ओळखतात, लगेच पटेल. पोराने जन्मात भांगेला हात लावला नाही, अशी बेलाची शपथ घ्या.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच हसनाबादहून बाजाराला आलेल्या बायनाबाईने सूनबाईचा निरोप सांगितला. "ते पेत न्हाईत, हे मला बिलकुल ठावं हाये. पन गोष्टीतल्या बायकोची भाकर चामट असती, हे शुद्धीवर असताना लिवलं का, तेवढं कळवा. मंग येते."

मामा, घात झाला. भांगेचे सगळे तुमच्याकडून घेतले, पण ते वाक्य माझे, जेवून उठल्या उठल्या लिहिलेले. तेव्हा सासऱ्यांपुढे वरची शपथ घ्याच, पण आत जाऊन सूनबाईला हळूच सांगा, की रायभान त्या दिवशी तुमच्यापेक्षा दोन लोटे जास्त प्यायला होता. दोघांना एका जागी बसवून मात्र सांगू नका.