पायाळूची लाथ

प्रिय पुनम,

नागपूरच्या दवाखान्यात आहे. परवा ऑपरेशन. दुखणं पाठीचं, पण फाडणार पोट. कमरेच्या मणक्यांमधली फुटलेली चकती पुढूनच काढतात म्हणे, आणि तिच्या जागी धातूची, मध्ये प्लास्टिक असलेली बसवतात. नंतर वाकता-चालता येईल. डाव्या पायातली आग जाईलच असं मात्र नाही. कालपर्यंत आई उशाशी बसून तुलाच शिव्या घालत होती, "त्या पोरीनं मुद्दाम लाथ मारली माह्या लेकाले!"

तुझी सोयरीक जिवती गावी ठरली हे मला हेमराजनं सांगितलं, तुमच्या खळ्यावर. मजूर जेवायला गेले होते. म्हणाला, "कालेज सोडून रिकामा फिरून राह्यला, अन् माही बहीण पाह्यजे तुले?" चंद्रपूरच्या कॉलेजातून मी कोणासाठी भांडून निघालो हे तुला ठाऊक आहे. त्याच्या तोंडावर बुक्की मारली तर त्याचा दात माझ्या बोटात रुतला. पडला, तर बरगड्यांवर लाथा घातल्या. तो रक्त थुंकून हसला. "बस? एवढाच जोर?" मग मी तुझ्या भावाला कमरेला धरून उचललं आणि थ्रेशरवर आपटलं. उचलतानाच माझ्या कमरेत ओला बांबू फुटावा तसं काहीतरी कडाडलं. दोघंही भाताच्या तणसात पडून राहिलो. मार खाल्ला हे त्याला सांगायचं नव्हतं, मारलं हे मला. तो म्हणाला थ्रेशरवरून पडलो, मी म्हणालो उसण भरली.

आणि उसण म्हटली की आपल्या गावात दवाखाना नाही, तू. पायांकडून जन्मलेली पायाळू, तुझ्या लाथेनं उसण उतरते म्हणून सारा गाव तुझ्या अंगणात पालथा पडतो. चौथ्या दिवशी आईनं मलाही पाडलं. तू म्हणालीस, "बाई, याचं काही वेगळं दिसते, डॉक्टरले दाखवा." आईनं ऐकलं नाही. लाथ कसली पुनम, तू तीनदा नुसता तळवा टेकवलास. मला वाटलं, असंच पडून राहावं.

दोन दिवसांनी पाय लुळा पडला. गावानं तुला अवदसा ठरवलं, जिवतीवाल्यांनी सोयरीक मोडली. हेमराजनं तुला अंगणात काठी मोडेपर्यंत मारलं, त्याच पायांवर. खरं काय ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी खाटेवर पडून तुझं ओरडणं ऐकलं आणि तोंड उघडलं नाही, कारण सोयरीक मोडली याचा मला आनंद झाला होता. हो, झाला होता.

काल डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, काही जड उचललं होतं का? म्हटलं, हो, हेमराज. ते हसले. मग मी खळ्यावरचं सारं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि भरल्या वॉर्डात माझ्या थोबाडीत दिली.

हे पत्र मनात ठेवायला लिहिलेलं नाही. दारात उभी राहून मोठ्यानं वाच. जिवतीलाही पाठव. लग्न तिथं करायचं की नाही ते तू ठरव, माझ्यासाठी थांबू नको. हेमराज अडवायला आला तर कागद त्याच्याच हातात दे, ही शेवटची ओळ त्याच्यासाठी आहे: हेमराजभाऊ, मारणारा मी होतो. माह्या खाटेपर्यंत यायला तुले दहा पावलं होती. तिले काऊन मारलं?

कोणी विचारलं तर कोणाचाच नाही, पण तुझाच,
आदेश